डोक्याचा फोटो तर काढला, पण वाचला कोणी?

मित्रांनो, सीटी स्कॅनचं मशीन कोणी बनवलं माहीत आहे? डॉक्टरने? चूक! गॉडफ्रे हाऊन्सफील्ड नावाच्या एका इंजिनियरने. ग्रामोफोनच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीत तो नोकरीला होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये त्याच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन निघाला आणि १९७९ साली त्याला मेडिसिनचं नोबेल विभागून मिळालं. मेडिकलला गेलेल्या मैत्रिणी जास्त भाव खायला लागल्या की मी त्यांना ही गोष्ट ऐकवते.

पण खरं सांगायचं तर आपल्या माणसाने अर्धंच काम केलं. मशीन चित्र देतं. त्या चित्रात काय आहे हे माणूस सांगतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे नवीन मशीन आलं की फीत कापतात, पेपरात फोटो येतो. ते मशीन रात्री दोन वाजता जे चित्र काढेल ते कोण वाचणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आपण ते विचारायला पाहिजे, असं माझं मत आहे.

गडचिरोली म्हटलं की बाहेरच्यांना मलेरिया आणि नक्षलवाद आठवतो. पण इथल्या खेड्यांत माणसं सर्वांत जास्त कशाने मरतात? 'सर्च' संस्थेत असताना डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ स्ट्रोकने झाले होते. म्हणजे सात जणांत एक! दुसऱ्या कोणत्याही एका कारणापेक्षा जास्त. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'स्ट्रोक' हा शब्द शिकलो, घरी आजी म्हणायची 'लकवा मारला'. शब्द कोणताही घ्या, घरातला कमावता माणूस खाटेवर पडतो तो पडतोच.

आता स्कॅनचं महत्त्व बघा. लकवा दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली. नुसतं तपासून खात्रीने फरक सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. पण आत रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर माणूस जीवाला मुकू शकतो. निकाल कोण देतं? सीटी स्कॅन. म्हणजे तो वाचणारा डॉक्टर.

मग डॉक्टर कितपत बरोबर वाचतात? १९९८ साली अमेरिकेच्या 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये यावर एक अभ्यास आला. ३८ इमर्जन्सी डॉक्टर, २९ न्यूरॉलॉजिस्ट आणि ३६ रेडिऑलॉजिस्ट यांना मेंदूचे सोपे-अवघड स्कॅन वाचायला दिले. हे इंजेक्शन देता येईल की नाही, एवढंच ठरवायचं. इमर्जन्सी डॉक्टर ६७ टक्के वेळा बरोबर आले, न्यूरॉलॉजिस्ट आणि रेडिऑलॉजिस्ट दोघेही ८३ टक्के. एकही रक्तस्राव न चुकवणारे इमर्जन्सी डॉक्टर फक्त १७ टक्के होते, न्यूरॉलॉजिस्ट ४० टक्के आणि रेडिऑलॉजिस्ट ५२ टक्के. थोडक्यात, दिवसभर स्कॅनच वाचणाऱ्यांपैकीही जवळपास निम्म्यांच्या नजरेतून एक तरी रक्तस्राव सुटला! हे आकडे अमेरिकेतले आणि जुने आहेत, मान्य. पण जिथे रात्री ना न्यूरॉलॉजिस्ट ना रेडिऑलॉजिस्ट, तिथल्या एकट्या ड्युटी डॉक्टरवर आपण केवढं ओझं टाकतो, याचा अंदाज यावरून येतो.

हे वाचन इतकं अवघड का? इथे आपली ब्रँच कामाला येते. सीटीमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक नंबर असतो, त्याला हाऊन्सफील्डचंच नाव आहे. पाणी ०, हवा उणे १०००. मेंदू साधारण २० ते ४०, ताजं रक्त ५० ते ७० च्या आसपास. गुठळीच्या लकव्यात पहिल्या काही तासांत फरक पडतो तो दोन-चार युनिटचा! मशीन चार हजारांच्या वर पातळ्या मोजतं, पण आपला डोळा त्यातल्या मोजक्याच करड्या छटा ओळखतो. म्हणून कॉम्प्युटरवर 'विंडो' बदलून बदलून बघावं लागतं.

आमच्या ओळखीच्या एका काकांना लकवा आला तेव्हा काय झालं ऐका. डॉक्टरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, मोबाइलने फोटो काढला आणि नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना पाठवला. दीड तासाने उत्तर आलं, "फोटो क्लिअर नाही, पेशंटला इकडे पाठवा." मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्या रात्री त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. पण फिल्मवर विंडो आधीच ठरलेली असते आणि तिच्या फोटोत उरलेल्या छटाही जातात. ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यापर्यंत मूळ डेटा पोचलाच नाही. हा तर शुद्ध कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम झाला, आणि तो कोणाच्या डिपार्टमेंटचा? आपल्या!

दुसरी गोष्ट पेशंटच्या माहितीची. २००२ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ रोएंटजेनॉलॉजी'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, पेशंटला काय होतंय हे न सांगता स्कॅन वाचले तेव्हा ३८ टक्के स्ट्रोक सापडले. माहिती दिल्यावर तो आकडा ५२ टक्क्यांवर गेला. स्कॅन तोच, मशीन तेच! आपल्याकडे ही माहिती कोणत्या भाषेत असते? भामरागडचा पेशंट माडिया बोलतो, सिरोंच्याचा तेलुगू, कोरची-धानोऱ्याचा गोंडी. "केव्हापासून हात उचलत नाही?" या एका प्रश्नावर ते साडेचार तास मोजायचे असतात. ते उत्तर नीट विचारून स्कॅनसोबत पाठवलं नाही, तर दूरचा रेडिऑलॉजिस्ट अंधारात वाचतो.

"मग एआय आहे ना!" असं आपला कोणीतरी म्हणणारच. आहे. मुंबईच्या क्यूर डॉट एआय कंपनीने भारतातल्या तीन लाखांहून जास्त स्कॅनवर काम करून २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पेपर दिला. रक्तस्राव ओळखण्यात त्यांचा प्रोग्राम खरंच चांगला निघाला. पण तो तपासताना बरोबर उत्तर कोणतं, हे तीन रेडिऑलॉजिस्टच्या बहुमताने ठरवलं होतं, आणि त्या तिघांचंही प्रत्येक स्कॅनवर एकमत नव्हतं. मला वाटतं, "हा स्कॅन आधी बघा" असं ओरडणारी घंटा म्हणून मशीन उत्तम. सही मात्र माणसाचीच हवी.

काही जण म्हणतील, आधी रस्ते करा, मग स्कॅनचं बोला. मुद्दा खरा आहे. 'सर्च'च्या त्याच अभ्यासात स्ट्रोकचे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. पण एवढं सगळं पार करून जो वेळेत पोचला, त्याचा जीव निदान वाचणाऱ्याच्या अभावी तरी जाऊ नये.

आणि हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ वापरून 'ब्रेथ काउंटर' तयार केला. मोजता न येणाऱ्या दाईलाही त्यावर बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता आला. योग्य साधन द्या, शिकवा आणि निकाल तपासा, तेवढ्यावर हे झालं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. जिथे सीटी मशीन आहे तिथे आज रात्री स्कॅन कोण वाचणार, त्याचं नाव बोर्डावर लिहा. मोबाइलचा फोटो नको, पूर्ण फाइल पाठवा. सोबत चार ओळींची माहिती सक्तीची करा. आणि ड्युटी डॉक्टरचं पहिलं वाचन व तज्ज्ञाचा शेवटचा रिपोर्ट यांत किती फरक पडला, याचा दर महिन्याला हिशेब ठेवा. कोणाला शिक्षा करायला नाही, शिकवायला. लॅबमध्ये व्होल्टमीटर कॅलिब्रेट न करता रीडिंग घेतलं तर आपले सर जर्नलवर सही करत नाहीत. मग जिथे माणसाचा जीव टांगणीला आहे, तिथे वाचणाऱ्याची अचूकता कोणीच मोजू नये?

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा टॉपिक शोधताय ना? कमी नेटवर्कमध्ये सीटीची पूर्ण फाइल लवकर कशी पाठवायची, तो फॉर्म माडिया-गोंडीत बोलून कसा भरता येईल, यावर विचार करा. ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट आतापर्यंत पुष्कळ झाले!