दात पोराचे, दोष पाण्याचा

पोराचे दात पिवळे-तपकिरी दिसले की आपण म्हणतो, "घासत नाही लेकाचा!" पण बंधूंनो, दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच डाग आणि खडूसारखे पांढरे पट्टे असतील, तर आधी बोअरचे पाणी तपासा. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल, तर हिरडीत तयार होत असलेल्या दाताचे वरचे कवच कच्चे राहते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या गावांनी हे भोगले आहे. आपल्या येवला-सिन्नर पट्ट्यातही विहिरी आटल्या की खोल बोअरचेच पाणी प्यावे लागते. गाफील राहून चालणार नाही.

पडलेला डाग घासून जात नाही. दंतवैद्य तो झाकतील, पण दात मूळचा होणार नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. मात्र ८ वर्षांखालच्या धाकट्या भावंडांचे दात अजून वाचवता येतात. पिकासाठी मातीपरीक्षण करतो, तसे पोरांसाठी पाणीपरीक्षण करा. सरपंचांनी जलसुरक्षकामार्फत प्रत्येक बोअरचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि फ्लोराइडचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. आकडा जास्त निघाला, तर पिण्यासाठी दुसरे पाणी शोधा, आणि तेही याच हंगामात.