पोहणाऱ्यांना मोजतो कोण?

दिवाळी सरली की आमच्या घरी एक छापील अर्ज येतो. समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेचा. वर नाव, वय, वयोगट, जन्मदाखल्याची प्रत, डॉक्टरांचे प्रमाणपत्र. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ. स्पर्धेत पाल्याच्या जीवितास काही अपाय झाल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत, हे मला मान्य आहे. त्याखाली पालकाची सही. आमची कन्या चौदा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे मी ती ओळ न वाचताच सही करत आलो. यंदा ती वाचली.

त्याला निमित्त झाले शाळेतल्या एका भाषणाचे. ‘माझा आवडता खेळाडू’ हा नेहमीचाच विषय. वर्गातल्या निम्म्या मुलांनी क्रिकेटवाले घेतले असणार. हिने निवडला फ्रॅन क्रिपेन. नाव मी ओझरते ऐकले होते, त्यापलीकडे काही नाही. तिला मदत म्हणून माहिती काढायला बसलो आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. भाषण लिहून झाल्यावर तिने वही मिटली आणि विचारले, “बाबा, त्याच्या बाजूला होडी नव्हती का?”

हा क्रिपेन १९८४ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात जन्मला. घरात तीन बहिणी आणि चौघेही भावंडे पोहणारी. बहीण मॅडी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरली होती. फ्रॅन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून तलावात पोहला, २००६ मध्ये पदवीधर झाला आणि उघड्या पाण्याकडे वळला. २००७ मध्ये रिओच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत दहा किलोमीटरमध्ये रौप्यपदक. दहा किलोमीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती २००८ साली बीजिंगला. तिथे मात्र त्याला अमेरिकेच्या संघात जागा मिळाली नाही. तो खचला नाही. दुसऱ्याच वर्षी रोमजवळच्या ऑस्टियाच्या समुद्रात त्याने जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक मिळवले. पुढचे लक्ष्य अर्थातच २०१२ चे लंडन.

तलावातले पोहणे आणि हे पोहणे यांत सख्ख्या नात्यापेक्षा चुलत नातेच अधिक. तलावात प्रत्येकाला आपली पट्टी असते, तळाला काळी रेघ असते, पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांवर ठेवलेले असते. इथे पन्नास-साठ जण एकाच वेळी पाण्यात पडतात. कोपर लागते, लाथ बसते, कुणाचे गॉगल निघतात. पुढच्याच्या पायांमागे चिकटून पोहायचे म्हणजे पाण्याचा विरोध कमी लागतो, आणि नेमक्या क्षणी बाहेर पडून पुढे निघायचे. बोया कुठे आहे ते लाटांवरून मान उचलून पाहायचे. तरंगत्या तराफ्यावर प्रशिक्षक लांब काठीला पेला अडकवून उभा असतो. त्याच्याजवळून जाताना उताणे होऊन दोन घोट घ्यायचे आणि पेला फेकून द्यायचा. असे सुमारे दोन तास. मनगटांवर बांधलेल्या चिपा वेळ नोंदवतात. माणूस कुठे आहे हे त्या चिपा सांगत नाहीत.

कन्येच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. इंग्लिश खाडी पोहणाऱ्याला स्वतःची होडी असते. त्या होडीतली माणसे रात्रभर त्याच्या एकट्याकडेच बघत बसलेली असतात. शर्यतीत तसे नसते. साठ जणांना साठ होड्या देता येत नाहीत. चार-सहा होड्या, काही कयाकवाले, आणि त्यांनी सगळ्यांवर नजर ठेवायची. सगळ्यांनी मिळून करायचे काम कसे होते, हे आपल्याला लग्नघरापासून ठाऊक आहे.

२३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे विश्वचषक मालिकेतली वर्षाची शेवटची शर्यत होती. हवेचे तापमान अडतीस अंशांच्या घरात, पाण्याचे तिशीच्या आसपास. शर्यत जर्मनीच्या थॉमस लुर्ट्‌झने जिंकली आणि बाहेर आल्यावर पाणी भलतेच गरम होते असे त्यानेच सांगितले. काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पोहून आलेले सगळे थकून बसलेले असताना क्रिपेनचा संघमित्र अ‍ॅलेक्स मेयर याच्या ध्यानात आले की फ्रॅन कुठे दिसत नाही. त्याने विचारपूस सुरू केली. नंतर काही जलतरणपटू, नुकतेच दहा किलोमीटर पोहून आलेले, त्याला शोधायला पुन्हा पाण्यात शिरले. शर्यत संपल्यावर सुमारे दोन तासांनी पाणबुड्यांना त्याचा देह सापडला. अंतिम रेषा तिथून चारेकशे मीटरवर होती. त्याचे वय सव्वीस.

यानंतर चौकश्या झाल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे तेव्हाच्या ‘फिना’च्या समितीने हृदयविकार, दमा अशा शक्यता बोलून दाखवल्या, अमेरिकेच्या संघटनेने वेगळी चौकशी केली आणि तिचा रोख उष्णतेकडे होता. डॉक्टरांचा वाद डॉक्टरांकडे राहू द्या. माझ्यासारख्या बापाला त्या सगळ्या कागदांतून एकच गोष्ट दिसली, आणि तिच्याबद्दल कुणाचाही वाद नाही. तो पाण्याखाली गेला तेव्हा कुणी पाहिले नाही. तो आला नाही हे ओळखले ते मित्राने. ज्यांचे ते काम होते, त्यांनी नव्हे.

उष्णतेचे मात्र थोडे सांगायला हवे, कारण ती बाजू आपल्या घराजवळची आहे. समुद्रातला जलतरणपटू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे थंडीने काकडलेला, अंगाला चरबी फासलेला माणूस येतो. मिहीर सेन यांनी १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली, त्या हकिकती आपण लहानपणी ऐकल्या. अगदी अलीकडे, २०१८ मध्ये, पुण्याच्या रोहन मोरेने जगातल्या सात अवघड सामुद्रधुनींपैकी सातवी पार केली, तेव्हाही बातम्यांमधला मुख्य शत्रू गार पाणीच होता. गार पाण्याला आपण घाबरतो. कोमट पाण्याचे भय कुणाला वाटावे? पण पोहणाऱ्याचे शरीर भट्टीसारखे तापत असते. जमिनीवर धावणाऱ्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग निवते. पाण्यात घाम वाळायला जागाच नाही. अंगातली उष्णता बाहेर जायची ती भोवतालच्या पाण्यात. ते पाणीच त्वचेइतके ऊन झाले तर ती जाणार कुठे? शिवाय अंग ओले असल्याने आपण तापलो आहोत हे लवकर कळत नाही. डोके जड होते, दिशा चुकते, हात चालत राहतात आणि मग थांबतात. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो तसा ओरडतही नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात पाण्यात, आवाज नाही. पन्नास मीटरवरच्या होडीतून तो विश्रांती घेतोय असेच वाटेल.

आपल्या किनाऱ्यावरचा अरबी समुद्र एप्रिल-मे महिन्यांत तिशीला टेकतो. डोव्हरपेक्षा फुजैराच आपल्याला जवळचे आहे, आणि पाणीही तेच अरबी समुद्राच्या पोटातले.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीची एक स्पर्धा; कुठली, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तसे कुठेही घडू शकले असते. तीन किलोमीटरचा गट आटोपला, बक्षीस समारंभाची तयारी चालू होती, लाउडस्पीकरवर पाहुण्यांची नावे पुकारली जात होती. माझ्या शेजारी एक बाई टॉवेल आणि थर्मास घेऊन कधीच्या उभ्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारले, “भाऊ, सगळी मुलं आली का हो?” मी म्हटले, आली असतील. मग त्यांनी टेबलावर जाऊन विचारले. टेबलावरच्या मुलाकडे दोन याद्या होत्या, एक उतरलेल्यांची, एक आलेल्यांची, आणि त्या कुणी ताडून पाहिल्या नव्हत्या. ताडल्यावर एक नंबर कमी. पुढची चाळीस मिनिटे मी विसरू शकत नाही. लाउडस्पीकर बंद झाला. होड्या परत निघाल्या. बाई वाळूत बसल्या आणि थर्मासचे झाकण लावत-काढत राहिल्या.

मुलगा सापडला. तो दमला होता, मासेमारीच्या एका होडीने त्याला उचलले आणि जेटीच्या पलीकडच्या बाजूला सोडले. तिथे कुणीतरी दिलेला वडापाव खात बसला होता. आईने त्याला आधी एक ठेवून दिली आणि मग जवळ घेतले. सगळे हसले. मीही हसलो. चहा झाला, बक्षिसे वाटली गेली. घरी जाताना गाडीत मी कन्येला ती गंमत म्हणून सांगितली. गंमत! आईने विचारले नसते, तर नंबर कमी आहे हे कळायला संध्याकाळ झाली असती.

क्रिपेन गेल्यानंतर नियम बदलले, हे सांगायलाच हवे. त्या दिवसापर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांत पाण्याच्या किमान तापमानाची अट होती, कमाल तापमानाची नव्हतीच. नंतर एकतीस अंशांची वरची मर्यादा आली. अमेरिकेच्या संघटनेने पाच किलोमीटर व त्यापुढच्या शर्यतींसाठी ती साडेएकोणतीसच्या किंचित खाली आणली. एकाच खेळाला दोन मर्यादा कशा, हा प्रश्न खेळाडू विचारत आले आहेत आणि मलाही तो रास्त वाटतो. २०११ मध्ये शांघायच्या जागतिक स्पर्धेत पंचवीस किलोमीटरची शर्यत ऊन पाण्यातच झाली, तेव्हा अ‍ॅलेक्स मेयर अर्ध्यातून बाहेर आला. ज्याने मित्राला शोधले तोच हा मेयर. पुढच्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यात तो ऑलिंपिकची दहा किलोमीटर शर्यत पोहला आणि दहावा आला. फ्रॅनला जायचे होते ते हेच लंडन. टोकियो ऑलिंपिकची ही शर्यत २०२१ च्या ऑगस्टमध्ये सकाळी साडेसहाला सुरू करावी लागली, ती उकाड्याच्याच धास्तीने.

शांघायला मेयर बाहेर आला, याला मी पदकाइतकीच किंमत देतो. आपल्याकडे ते अवघड आहे. आपल्याकडे पोहणाऱ्या मुलाच्या नावामागे लगेच वय लागते. सहा वर्षांची चिमुरडी, आठ वर्षांचा बहाद्दर, इतके किलोमीटर, इतके तास. धरमतर ते गेटवे हे अंतर एरवी मोठ्या माणसांना लाँचमधून जाताना कंटाळा आणते. तेवढे पोहून येणाऱ्या मुलांचे कौतुक वाटावेच. मलाही वाटते, आमच्या वृत्तपत्रांनाही वाटते. पण फोटोत हार असतो, आजोबा असतात, नगरसेवक असतात. पाणी किती अंश होते, होड्या किती होत्या, मुलाने मध्ये ‘पुरे’ म्हटले असते तर त्याला वर घेतले असते का, हे कधी छापून आलेले मला आठवत नाही. बातमी लिहिणाऱ्यांत मीही होतो. विचारायचे सुचले नाही.

आणखी एक आरती साहांबद्दल. त्यांच्या यशाची तारीख आपण पाठ करतो, २९ सप्टेंबर १९५९. सोळा तास वीस मिनिटे. महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. त्या दिवशी त्यांची वाटाडी होडी वेळेवर आली नव्हती. उशीर झाला, भरती-ओहोटीचे गणित चुकले आणि इंग्लंडचा किनारा दृष्टिपथात असताना त्यांना पाण्याबाहेर यावे लागले. अठरा वर्षांची मुलगी! हिमतीवर निबंध पुष्कळ लिहिले गेले. होडी उशिरा का आली, यावर कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

तर यंदाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मी संयोजकांना फोन केला. गृहस्थ सज्जन आहेत. नोकरी सांभाळून, पदरमोड करून गेली वीस वर्षे ही स्पर्धा चालवतात. ते नसते तर आमच्या मुलांना समुद्र दिसलाच नसता. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. होड्या किती? बारा, गावातले नाखवा फुकट देतात, शिवाय जीवरक्षक. पाण्याचे तापमान कोण मोजते? ते हसले. “अहो, डिसेंबरात आपला समुद्र कुठे तापतो?” ते खरेच आहे. पण त्यांचीच एक स्पर्धा मे महिन्यातही असते, हे मी आठवण करून दिले, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, थर्मामीटर आणतो. तिसरे विचारले, पाण्यात उतरलेली मुले आणि बाहेर आलेली मुले यांची यादी कोण ताडून पाहते?

“नोंदणीच्या टेबलावर कुणीतरी असतो.”

“कोण?”

“तुम्हीच या ना,” ते म्हणाले. चिडून नव्हे, सरळपणे.

अर्ज भरून दिला आहे. तळाच्या ओळीखाली सहीही केली आहे. स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेपाचपासून मी त्या टेबलावर आहे. दोन याद्या, एक पेन्सिल, आणि माझ्याबरोबर बसायला त्या थर्मासवाल्या बाई. त्यांना मी विचारले, त्या लगेच हो म्हणाल्या. कन्येने बजावून ठेवले आहे की तिचा गट आला म्हणून टेबल सोडून किनाऱ्यावर पळायचे नाही.