लंडनची शिष्यवृत्ती मिळाली. लेकरांच्या तब्येतीचे काय?

मागच्या महिन्यात नंदनवनातल्या आमच्या बुद्धविहारात एका मुलाचा सत्कार झाला. झोपडपट्टीत वाढलेला, महानगरपालिकेच्या शाळेत शिकलेला हा मुलगा पीएच.डी.साठी लंडनला निघाला आहे, तोही शिष्यवृत्तीवर. हार झाले, भाषणे झाली, खीरदान झाले. जवळजवळ प्रत्येक वक्त्याने त्याला सांगितले, "बायको-लेकरांना सोबत घेऊनच जा रे बाबू."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या घरी आली. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून वस्ती मला अजूनही सिस्टरच म्हणते. तिच्या हातात मुलीची फाईल होती. मुलगी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. मुलगी सिकलसेलची, एसएस पॅटर्न. ती म्हणाली, "सिस्टर, तिकडे लय थंडी असते म्हणतात. इथल्या डिसेंबरातच हिचे पाय दुखतात. स्टेजवर याच्याबद्दल कोणीच बोललं नाही. विचारू तरी कोणाला?"

तिला जे सांगितले तेच इथे लिहिते. माझे मत असे आहे की बापाने आधी एकट्याने जावे. तिथे घर आणि डॉक्टर पक्के झाल्यावर, थंडी सरल्यावर, एप्रिलच्या सुमारास आई आणि लेकरांनी जावे. आणि मधल्या सहा महिन्यांत इथे राहिलेल्या आईला एकटे पडू देऊ नये.

आधी पैशाचे बघू, कारण तब्येतीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. केंद्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत इंग्लंडसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे, म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. आता इंग्लंडचे सरकार काय म्हणते ते पाहा. लंडनमध्ये शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला महिन्याला किती पैसे लागतात, याचा आकडा त्यांनी व्हिसासाठी जानेवारी २०२५ मध्ये १,४८३ पौंड ठरवला. सोबत येणाऱ्या बायकोचे आणि प्रत्येक लेकराचे महिन्याला ८४५ पौंड वेगळे. लंडनमधल्या घराचे सरासरी भाडे तर महिन्याला २,००० पौंडांच्या वर गेले आहे. शिष्यवृत्ती एकट्या विद्यार्थ्याचा हिशेब धरते. बायको-लेकरांचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

त्यावर व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार आहे. विद्यार्थी आणि त्याच्या कुटुंबासाठी तो माणशी वर्षाला ७७६ पौंड. चौघांचे वर्षाचे ३,१०४ पौंड होतात, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांची रक्कम आधीच एकदम भरावी लागते. आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२४ पासून एम.ए., एम.एस्सी.सारख्या शिकवणीच्या अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना सहसा कुटुंब नेता येत नाही, पीएच.डी. आणि संशोधनाच्या पदव्यांना येते. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करच्या नोकरीवर जाणाऱ्यांनाही मार्च २०२४ मध्ये नवीन कुटुंब नेण्यास बंदी आली. एजंट काहीही सांगो, हे पक्के लक्षात ठेवा.

पैसा कमी पडला की माणूस पहिली काटकसर घरात करतो. एक खोली, तळघर, ओल धरलेली भिंत, बंद ठेवलेला हीटर. एकटा तरुण त्यात दिवस काढतो. लेकरू काढू शकत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. सुदानहून आलेले कुटुंब, एका बेडरूमचे घर, भिंतीवर बुरशी. बापाने वर्षानुवर्षे तक्रारी केल्या होत्या. त्या बुरशीमुळेच श्वासाचा आजार होऊन मूल गेले, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्यानंतर त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. पैशावाल्या देशातही गरिबाच्या भिंतीला ओल असते. म्हणून बापाने आधी जाऊन घर डोळ्यांनी बघावे. भिंतीला हात लावावा, खिडकी उघडते का पाहावे, घर गरम करायचे बिल महिन्याला किती येते ते जुन्या भाडेकरूला विचारावे.

आता सिकलसेल. आपल्या विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजात हा आजार जास्त आहे, हे लपवून उपयोग नाही. आई-बाप दोघेही एएस, म्हणजे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. अशा लेकराला थंडी, पाणी कमी पिणे, ताप आणि हवेतला अचानक बदल यांचा त्रास होतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडे ठणकतात. नागपूरच्या मे महिन्यात आपण लेकराला पाणी पाजून जपतो. तिथे ऑक्टोबर ते मार्च अंगावर ऊब ठेवून जपावे लागेल, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी आठवणीने पाजावे लागेल.

पण एक चांगली गोष्टही सांगते, कारण ती बाई सर्वांत जास्त याच गोष्टीला भीत होती. सिकलसेल आहे म्हणून व्हिसा अडत नाही. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांची तपासणी होते ती क्षयरोगाची. लंडनमध्ये आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांनाही हाच आजार आहे, त्यामुळे तिथल्या मोठ्या रुग्णालयांना तो चांगला माहीत आहे. इंग्लंडमध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची सिकलसेलची तपासणी केली जाते. म्हणजे फाईल लपवली नाही तर लेकराला तिथे चांगले उपचार मिळू शकतात. लपवली, तर पहिल्या तापातच घात होईल. लग्न जुळणार नाही म्हणून आपण रिपोर्ट कपाटात ठेवतो. ती सवय विमानात नेऊ नका.

जाण्यापूर्वी करायच्या गोष्टी मी त्या बाईला कागदावर लिहून दिल्या. इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. त्या चिठ्ठीत हायड्रॉक्सियुरियाचा डोस, आधीचे दुखण्याचे झटके आणि रक्त चढवल्याच्या तारखा असाव्यात. दोन्ही लेकरांच्या लसीकरणाचे कार्ड. विमानात बसण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना विचारणे, आणि विमानात सतत पाणी. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या जीपी डॉक्टरकडे नाव नोंदवणे. त्याला पैसे लागत नाहीत. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्यांना चिठ्ठीवरची औषधे मोफत मिळतात. एसएस लेकराला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४ ताप आला, तर उद्याची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचे.

धाकट्याचेही विसरू नका. तिथे ऊन कमी आणि आपली कातडी सावळी. इंग्लंडच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की एक ते चार वर्षांच्या सर्व मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी द्यावे. पीएच.डी. करणाऱ्याच्या बायकोला तिथे नोकरी करता येते, पण दीड वर्षाच्या बाळाचे पाळणाघर फार महाग पडते. तीन वर्षांनंतर आठवड्याला पंधरा तास मोफत मिळतात. तोवर आई चार भिंतींत एकटी राहणार, हे धरून चाला. मुलीचे मात्र बरे आहे. सरकारी शाळा मोफत आहे, आणि लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून सगळ्या मुलांना दुपारचे जेवण मोफत आहे.

कोणी म्हणेल, सिस्टर, तुम्ही घर तोडायला सांगता. लेकरांना बाप लागतो. खरे आहे, आणि म्हणूनच रमाईची आठवण काढली पाहिजे. बाबासाहेब जुलै १९२० मध्ये दुसऱ्यांदा लंडनला गेले ते एप्रिल १९२३ मध्ये परतले. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले, तिथे स्मारक झाले. त्या घराला आपण वंदन करतो. त्याच वर्षांत रमाई मुंबईत तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होती. तिच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. १९३५ मध्ये ती स्वतः गेली. तिच्या त्यागाची गाणी आपण गातो. पण त्या त्यागाची सक्ती आज आपल्या सुनांवर करायची नाही.

सहा महिन्यांची तारीख ठरवून केलेली ताटातूट वेगळी आणि पैशाविना, तारखेविना काढलेली वर्षे वेगळी. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बायकोच्या स्वतःच्या खात्यात टाकावा. मुलीला रात्री झटका आला तर रुग्णालयात कोण नेईल, त्या दोन माणसांची नावे विहाराच्या समितीने ठरवावीत. महिला मंडळाने आठवड्यातून एकदा दार वाजवावे. सत्काराचा हार दोन दिवसांत सुकतो. हा आधार सहा महिने लागतो.

आणि शासनाकडे आपली मागणी असली पाहिजे की संशोधनाला जाणाऱ्याच्या शिष्यवृत्तीत कुटुंबाचा भत्ता आणि लेकरांचा आरोग्य अधिभार धरा. आपली मुले बावीस-तेवीसव्या वर्षी निवांत लंडनला जात नाहीत. नोकरी करून, बहिणींची लग्ने करून, लेकरे झाल्यावर त्यांची पाळी येते.

त्या बाईने कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला. म्हणाली, "मग यांना सांगते, आधी तुम्ही जाऊन भिंत बघून या." मी म्हटले, "सांग. आणि तोवर पोरीला पाणी पाजत राहा."