गांवाची पायली कोणाच्या हातीं?



ज्या गांवांत चारशें सातबारे असतात त्या गांवाला चारशें मालक असतात. परंतु त्या गांवाचा धनी कोण, असें विचारलें तर चारशेंहि जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. वतनदार गेले, इनामदार गेले, खोत गेले. फार चांगलें झालें! त्यांच्या नांवानें कोणीं डोळ्यांतून टिपूस काढूं नये. पण ज्या चारशें जणांच्या हातीं आतां शिवार आलें, त्यांनीं मिळून आपल्याला काय साधावयाचें आहे, आणि तें साधलें कीं नाहीं हें कोणत्या मापानें मोजावयाचें, या दोन गोष्टी कधीं एकत्र बसून ठरविल्या आहेत काय? तुम्हीं ठरविल्या नसतील, तर दुसऱ्या कोणीतरी तुमच्यासाठीं त्या ठरविल्याच आहेत, हें पक्कें समजा.

कोणी शहाणा म्हणेल, "माझें रान माझें, तुझें रान तुझें, यांत एकत्र बसून ठरवावयाचें तें काय?" बाबा रे, सातबाऱ्यावर जमीन तुझी आहे हें खरें. पण जमिनीखालचें पाणी तुझा गट नंबर वाचून वाहत नाहीं. वरच्या रानांत मुरलेला पाऊस खालच्या विहिरीला येतो. आणि शेजाऱ्यानें तुझ्या बांधाला लागून तुझ्या दुप्पट खोल बोअर मारली म्हणजे तुझ्या विहिरींत गाळ तेवढा राहतो. बांध माणसांनीं घातले, उतार निसर्गानें घातला. उतारापुढें बांधाचें कांहीं चालत नाहीं. शिवाय हे बांधहि दर पिढीला जवळ जवळ सरकत आहेत. महाराष्ट्रांत १९७०-७१ सालीं एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन येत होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यावर एकट्यानें विहीर खणावयाची, एकट्यानें बोअर मारावयाची, एकट्यानें कर्ज काढावयाचें, म्हणजे एकट्यानेंच बुडावयाचें.

आतां मापाकडे वळूं. आपल्या वाडवडिलांना सावकाराच्या दोन पायल्या चांगल्या ठाऊक होत्या. घेतांना एक, देतांना दुसरी. धान्य तेंच, खळें तेंच. पण पायली ज्याच्या हातीं, रास त्याच्या घरीं. सावकाराची ती पायली गेली, तरी मापाची करामत गेलेली नाहीं. गांव ज्या मापानें स्वतःला मोजतें, तसेंच तें बनत जातें. म्हणून आज आपल्या गांवांत कोणत्या पायल्या फिरत आहेत, तें नीट पाहूं.

पहिली पायली कामांची. किती बांध घातले, किती चर खोदले, किती नाले खोल केले, किती पैसा खर्च झाला! राज्य सरकारनें डिसेंबर २०१४ मध्यें जलयुक्त शिवार अभियान काढलें. सहा लाखांहून अधिक कामें झालीं, ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. आणि महालेखापरीक्षकांच्या २०२० सालीं विधिमंडळापुढें आलेल्या अहवालानें काय सांगितलें? गांवें पाण्याच्या बाबतींत स्वयंपूर्ण करण्यांत व भूजलाची पातळी वाढविण्यांत या खर्चाचा फारसा परिणाम दिसला नाहीं, असें सांगितलें. काम करणारे सगळेच लबाड होते असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक गांवांनीं त्यांत आपला घाम ओतला आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं माप कामांचें होतें म्हणून कामें निघालीं. माप पाण्याचें असतें तर पाण्याचा हिशेब निघाला असता.

दुसरी पायली टनांची. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं केलेलें हें काम लहान नव्हे. हजारों लहान खातेदारांनीं आपापलें भागभांडवल घालून कारखान्याचे मालक व्हावें आणि एका सभासदाला एकच मत असावें, ही गोष्ट शेतकऱ्याच्या इतिहासांत सोन्याच्या अक्षरांनीं लिहावी अशीच आहे. पण पुढें पायली कोणती धरली? किती टन ऊंस गाळला ही! ज्याच्याकडे पाणी त्याचा ऊंस, ज्याचा ऊंस त्याचें टन, ज्याचे टन त्याचा गांवांत शब्द. ज्याच्या विहिरींत पाणीच नाहीं तो या मापांत शून्य. आणि ज्याला रानच नाहीं तो सुतार, तो लोहार, तो ऊंसतोड्या या मापांत जन्मालाच आला नाहीं. पायलींत जो मावत नाहीं त्याचा विचार सभेंत होत नाहीं, हें लक्षांत ठेवा.

तिसरी पायली सरासरीची, आणि ही सगळ्यांत लबाड. दहा घरांच्या आळींत एका घरीं दहा हंडे पाणी आहे आणि नऊ घरें कोरडीं आहेत. सरासरी काढा : घरटीं एक हंडा! कागदावर आळींत कोणीच तहानलेलें नाहीं. असल्या सरासरीनें गांवाचें उत्पन्न वाढतें, बक्षिसें मिळतात, कमानी उभ्या राहतात. आणि नऊ घरच्या बायका पहांटे उठून डोक्यावर हंडा घेऊन वाट चालत असतात.

मग खरें माप कोणतें? तें नव्यानें शोधावयास नको. आपल्याच मुलखांत लोकांनीं तें वापरून दाखविलें आहे.

खानदेशांत पांझरा व नाशिककडे मोसम या नद्यांवर शेंकडों वर्षें फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालचें रान बहुधा चार फडांत विभागलेलें. प्रत्येक फडांत सगळ्यांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि शेतकऱ्याचा तुकडा निरनिराळ्या फडांत असावयाचा. पाणी कमी आलें तर कोणाचें शेत सोडावयाचें असा प्रश्न निघत नसे. फड सोडला जाई, म्हणजे तोटा सगळ्यांना वांटून जाई. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार देखरेख ठेवी. पुढें वरच्या अंगाला धरणें झालीं, घरटीं विहिरी झाल्या, ऊंसाची हांव सुटली, आणि बऱ्याच ठिकाणीं फड मोडले. पण तुटवडा वांटून घ्यावयाचा हा त्यांचा कायदा आजहि शहाणपणाचा आहे.

१९७२ च्या दुष्काळांत विलासराव साळुंखे नांवाचे एक इंजिनियर, कारखानदार गृहस्थ, पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं आले आणि त्यांनीं देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कसावयास घेतली. तेथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचें माप ऐका. पाणी एकराला द्यावयाचें नाहीं, माणसाला द्यावयाचें. माणशीं अर्ध्या एकराचें पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचें; मग त्याचें रान पन्नास एकर असो कीं दोन. ज्याला जमीन नाहीं त्यालाहि पाण्यांत वांटा. ऊंस लावावयाचा नाहीं. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः घालावयाचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाहीं. पाहिलें कां? सातबारा बदलला नाहीं, कोणाची जमीन काढून घेतली नाहीं. पायली तेवढी बदलली, आणि भूमिहीन माणूस पहिल्यांदा हिशेबांत आला.

सांगली जिल्ह्यांत खानापूर तालुक्यांतील बलवडी व तांदुळवाडी या गांवांनीं येरळा नदीवर स्वतःचें धरण बांधलें. नदीची वाळू ठेकेदार नेत होते. गांवकऱ्यांनीं वाळू विकण्याचा हक्क मागून त्या पैशांतून काम उभें केलें. त्यालाहि पाण्याचा नियम हाच : भूमिहीनांसुद्धां प्रत्येक घराला वांटा. धरणाला नांव बळीराजाचें दिलें, आणि तें शोभतें. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी रानांत मुरवावें असें सरकारला सांगितलें होतें. जें सरकारनें ऐकलें नाहीं तें गांवांनीं केलें.

आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार. तेथें गांवांत पाऊस मोजतात, दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूला काढतात, आणि उरलेल्यावर पिकें ठरवितात. शेतीसाठीं बोअर मारावयास बंदी. ऊंस-केळीला बंदी. पाऊस कमी झाला तर पीक कमी. चारशें मालकांनीं एक माप मानलें म्हणजे काय होतें, तें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें तेथें जाऊन पाहावें.

या सगळ्यांवरून आमचें म्हणणें असें आहे. प्रत्येक गांवानें एकच ध्येय धरावें : मृग येईपर्यंत गांवांतल्या कोणत्याहि घराला पाण्यासाठीं गांवाबाहेर जावें लागूं नये. आणि एकच माप धरावें : यंदा पहिला रिकामा हंडा कोणत्या दिवशीं शिवेबाहेर गेला? ती तारीख चावडीच्या भिंतीवर चुन्यानें मोठ्या अक्षरांत लिहावी. गेल्या वर्षाची पुसूं नये. तिच्याखालीं यंदाची लिहावी. तारीख माघांत असली तर गांव रोगी. चैत्रांत गेली तर औषध लागूं पडलें. सात जूनपर्यंत तारीख लिहावयाची वेळच आली नाहीं, तर त्या दिवशीं खुशाल गुलाल उधळा.

या मापाला तीन गुण आहेत. तें न शिकलेल्या माणसालाहि कळतें. तें सरासरींत लपत नाहीं, कारण तें सगळ्यांत शेवटच्या घरापासून सुरू होतें. आणि तें जमीनवाल्याला व बिनजमीनवाल्याला एकाच ओळींत उभें करतें. कुंभाराच्या आळींतला हंडा आणि बागाइतदाराच्या वाड्यांतला हंडा या मापांत सारखाच.

यावर आक्षेप येतील. "एका तारखेंत गांवाची सगळी दुःखें कशीं मावतील? कर्ज आहे, शाळा आहे, दवाखाना आहे." खरें आहे. पण ज्या गांवानें वीस मापें धरलीं त्याला लपावयास वीस कोपरे मिळाले. पाणी बिघडलें कीं शाळा सुटते, ढोर विकलें जातें, माणूस ऊंसतोडीला जातो आणि कर्ज फिटत नाहीं. हें एक माप सुधारतांना बाकीचींहि हलतील.

"तारीखहि खोटी लिहितां येईल." येईल! म्हणून ती सरपंचानें लिहूं नये, ग्रामसेवकानें लिहूं नये, टँकरच्या ठेकेदारानें तर मुळींच नाहीं. जी बाई हंडा वाहते तिनें ती सांगावी आणि शेवटच्या आळींतल्या बायांनीं ती लिहून घ्यावी. पायली सावकाराच्या हातीं दिली म्हणून आजा बुडाला. ती ज्याची भूक आहे त्याच्याच हातीं राहिली पाहिजे.

"माझ्या पैशानें मी बोअर मारली, मला कोण अडविणार?" असें बागाइतदार म्हणेल. दादा, भोंक तुझ्या पैशाचें आहे, पाणी नाहीं. तीन रानांचें पाणी एका रानांत ओढलें तर त्याला कष्ट म्हणत नाहींत. आणि ज्या दिवशीं शेजाऱ्यानें तुझ्याहून खोल बोअर मारली त्या दिवशीं तुझ्या पैशाचीहि माती झाली. खोलीची शर्यत कोणीच जिंकत नाहीं. जिंकतो तो बोअरच्या गाडीवाला. हें माप तुझ्याविरुद्ध नाहीं. तुझ्या नातवाच्या वेळेस त्या विहिरींत पाणी असावें यासाठीं आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, यंदाच्या कोजागिरीच्या आंत ग्रामसभा बोलवा. एक पर्जन्यमापक घ्या; तो शाळेंत लावा आणि पोरांना आंकडे लिहावयास सांगा. गांवांतल्या विहिरींची खोली दोरीनें मोजा. पिण्याचें पाणी आधीं काढा, मग गुरांचें, आणि राहील तेवढ्यांत रब्बी ठरवा. भूमिहीन आळीला सभेंत मागें बसवूं नका. पहिल्या ओळींत बसवा, कारण माप त्यांच्या दारापासून सुरू होणार आहे. आणि सभा उठण्यापूर्वीं भिंतीवर गेल्या उन्हाळ्याची तारीख लिहा. लाज वाटेल, वाटूं द्या. ती पुढें ढकलण्याची ईर्ष्या त्या लाजेंतूनच येईल.

चारशें मालकांच्या गांवाला वेगळा धनी लागत नाहीं. सर्वांनीं मानलेलें एक माप लागतें, आणि तें माप शेवटच्या घराच्या हातीं लागतें.