पराइबाचे मूळ
रत्नाचे मूळ नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये, हे ‘पराइबा’ टुर्मलीनच्या इतिहासातून स्पष्ट होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या पराइबा राज्यात झगमगत्या निळ्या-हिरव्या रंगाचे खडे सापडले. हा रंग तांब्याच्या अंशामुळे येतो, हे तपासणीत सिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये नायजेरियात आणि काही वर्षांतच मोझांबिकमध्येही तांबेयुक्त टुर्मलीन मिळाले. त्यांचे रंग इतके मिळतेजुळते, की केवळ भिंगातून पाहून देश सांगणे भरवशाचे नाही. म्हणून प्रयोगशाळेत लेसरने खड्याचा अतिसूक्ष्म अंश काढून तांबे, गॅलियम, शिसे यांचे प्रमाण मोजतात आणि ज्ञात खाणींच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. रंग तोच असेल, तर देशाची चौकशी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. सौंदर्यापुरता तो रास्त आहे. २००६ मध्ये प्रमुख प्रयोगशाळांनीही ‘पराइबा’ हे नाव देशाशी न बांधता रत्नप्रकाराला दिले. पण ब्राझीलच्या खड्याला बाजारात जास्त दाम मिळतो, तेव्हा मूळ हा किमतीचाच भाग ठरतो. त्यामुळे ग्राहकाने नावावर न थांबता प्रमाणपत्रात मूळ देश नोंदवला आहे का, हे आधी पाहावे.