जडसंग्रहातले मेज

चंदीगढच्या सरकारी कचेऱ्यांतले आणि पंजाब विद्यापीठातले जुने लाकडी सामान युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखो रुपयांना विकले गेले, अशी बातमी आली की आपल्याकडे ठरलेली हळहळ सुरू होते. आपल्याला किंमत कळली नाही, गोऱ्यांना कळली! हा सूर मला मुळीच मान्य नाही. ज्या व्यवहाराविरुद्ध आपण तक्रार करतो, त्याचीच भाषा या हळहळीत बोलली जाते.

ग्रंथालयातले एखादे सागवानी वाचनमेज घ्या. ल कॉर्ब्युझिएचा नात्यातला भाऊ पिएर जानेरे १९६५पर्यंत चंदीगढमध्ये राहिला आणि नव्या शहराच्या सामानाचे आराखडे त्याच्या देखरेखीखाली झाले. त्या चमूत युली चौधरींसारखे भारतीय वास्तुविशारदही होते. मेज प्रत्यक्ष घडवले ते स्थानिक सुतारांनी, तेही हाताने. म्हणून एकाच नमुन्याची दोन मेजे तंतोतंत सारखी नसतात. पुढे पाय डुगडुगू लागले, निर्लेखनाचा शेरा पडला आणि मेज भंगाराच्या भावात गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, तासून-घासून नवे पॉलिश चढवले. एक गोष्ट मात्र जपली : कारकुनाने रंगवलेली जडसंग्रहाची अक्षरे. चोरी होऊ नये म्हणून घातलेली ती खूण आज अस्सलपणाचा पुरावा ठरते आणि भाव वाढवते. मूल्यमापनाचे शास्त्र म्हणतात ते बरेचसे हेच. जानेरेचे नाव आणि कारकुनाचा क्रमांक यांच्या मधल्या माणसाला, सुताराला, तिथे जागा नाही.

कायदाही मोजतो तो वयच. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते. म्हणजे १९५५चे मेज २०५५पर्यंत केवळ जुने लाकूड. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११मध्ये या वारसा-सामानाच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली खरी, पण तोवर पुष्कळ माल गेलेला होता. एमी सीगल हिच्या 'प्रॉव्हेनन्स' (२०१३) या चित्रपटात हे सामान धनिकांच्या घरांपासून उलट प्रवास करत चंदीगढला पोचते. त्याच वर्षी तिने तो चित्रपटच लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात मांडला. इतकी नेमकी टीका आमच्या एखाद्या चर्चासत्रात ऐकल्याचे स्मरत नाही. असो.

साहित्याच्या अध्यापकांनी तर या प्रकरणी फार साळसूदपणा करू नये. जात्यावरच्या ओव्या संकलकाच्या नावाने ओळखायच्या आणि गाणारीला 'अज्ञात स्त्री' म्हणून तळटीपेत बसवायचे, हा उद्योग आपण वर्गात बिनदिक्कत करतो. कर्त्याचे नाव लागले की संहिता मोलाची, एरवी ती 'सामग्री'. लिलावाचा कॅटलॉग याहून वेगळे काय करतो?

तेव्हा मेजे परत आणा, या मागणीत मला फारसा रस नाही. आपल्या जडसंग्रह नोंदवहीत खरेदीची तारीख, नग, दर असे रकाने असतात. घडवणाऱ्याचा रकाना नसतो. जुन्या निविदा, देयके, ठेकेदारांच्या पावत्या यांतून एखाद्या सुतारापर्यंत माग लागू शकतो. पण मुदत संपली की तेही कागद रद्दीत जातात. आधी ती रद्दी थांबवा. जानेरेच्या खुर्च्यांचे मग पाहू.