पाण्यावरची खूण



परतूरकडे निम्न दुधना धरणाच्या फुगवट्यात संध्याकाळी जाळी लागतात, पहाटे निघतात. पाण्याखालचं जाळं कुठं आहे ते वर तरंगणारा डबा सांगतो. पाच लिटरचा गोडेतेलाचा रिकामा डबा बाई आधी सोड्याने धुते. तेलकट मानेवर गाठ सरकते. बूच मेणाने बंद, मानेला नायलॉनची दोरी, दोरीला जाळं आणि टोकाला दगड. दोरी खोलीपेक्षा हात-दोन हात जास्तच हवी, नाहीतर धरणात पाणी चढलं की डबा बुडतो. थर्माकोल मी तरी नको म्हणेन, त्याचा चुरा पाण्यातच राहतो.

खूण गेली की जाळं गेलं. हरवलेलं जाळं तळाशी मासे मारत राहतं, आणि घरातलं भांडवल बुडतं ते वेगळंच.

पण हे काम कुणाच्या नावावर? "ती बसल्या बसल्या करते," एवढंच उत्तर मिळतं. जाळी सांधणं, पाटी घेऊन बाजारात बसणं, हेही बसल्या बसल्याच! मच्छीमार संस्थेचं सभासदत्व 'क्रियाशील' मच्छीमाराला. क्रियाशील म्हणजे फक्त पाण्यात उतरणारा, असा अर्थ लावला की बाई बाहेर. 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मासेमारीलाही लागू आहे, त्यात महिला गटही बसतात. पण पाण्यावरच्या हक्काचा कागद लागतो, तो संस्थेकडे.

संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. यंदा अर्ज घेऊनच जाऊ या.